कोपराचे शिरस्त्राण

पुणे शहरात दुचाकीवरून घराबाहेर पडणारा मनुष्य स्वतःच्या संरक्षणाविषयी बेफिकीर असतो, असा जो आरोप परगावचे पाहुणे, वर्तमानपत्रांतील पत्रलेखक आणि वाहतूक शाखेचे अंमलदार वर्षानुवर्षे करीत आले आहेत, तो मला कधीच मान्य करता आलेला नाही. ऊन, धूळ, धूर, थंडी, पाऊस, दृष्ट, ओळखीचे लोक आणि चौकातला हवालदार या अष्टविध संकटांपासून स्वतःचा बचाव करण्याचा जितका चोख बंदोबस्त पुणेकर दुचाकीस्वार करतो, तितका दुसऱ्या कोणत्या शहरातला नागरिक करीत असेल असे मला वाटत नाही. या यादीत रस्ता तेवढा नाही. ज्या रस्त्यावरून आजोबा सायकलवर कचेरीत गेले, नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहून मिळवलेली ‘चेतक’ वडिलांनी रोज सकाळी एका अंगावर कलती करून सुरू केली, आणि आत्याने ‘लूना’च्या पायदानावर पिशवी ठेवून मंडईतून भाजी आणली, तो घरचा रस्ता आपल्याला आपटील, ही शंका घेणेच त्याला कृतघ्नपणाचे वाटते. सायकलींचे शहर म्हणून नावाजलेले हे गाव पुढे स्वयंचलित दुचाक्यांचे झाले, तेव्हा वाहनाला इंजिन आले. वाहनावरचा मनुष्य मनाने सायकलवरच राहिला.

सकाळी दहाच्या सुमारास कर्वे रस्त्याच्या कडेला उभे राहून एखादी महाविद्यालयीन कन्या प्रस्थानापूर्वीची सिद्धता कशी करते, हे जिज्ञासूने अवश्य पाहावे. स्कूटर साइड स्टँडवर लावून, हँडलला पर्स अडकवून, आरशात पाहत ती सुती स्कार्फची घडी आधी कपाळावर घेते, दोन्ही टोके कानांमागून फिरवून नाकावरून आणते, पुन्हा मागे नेऊन मानेशी गाठ मारते, उरलेला भाग गळ्याभोवती खोचते, आणि मग जे दोन डोळे उघडे राहिले असतील त्यांवर काळा चष्मा चढवते. दंडापर्यंत पोचणारे हातमोजे, त्यांवर पांढरा सनकोट आणि चप्पल घालता यावी म्हणून अंगठ्यापाशी फाट ठेवलेले पायमोजे, हा सरंजाम पुरा झाल्यावर त्या देहाचा एक चौरस इंचही सूर्यनारायणाच्या हाती लागत नाही. सख्खी आई समोरून गेली तरी तिला ओळखत नाही, आणि तसा एक गौण हेतूही या बंदोबस्तामागे नसतोच असे नाही. हेल्मेट कोठे आहे, असे विचारले तर ते डिकीत आहे, जेवणाच्या डब्याशेजारी. स्कार्फवरून ते बसत नाही, आणि बसलेच तर स्कार्फ विस्कटतो.

यात तिचा दोष मानणे अन्यायाचे होईल. ऊन आपला हिशेब त्याच दिवशी संध्याकाळी चुकता करते आणि तो आरशात दिसतो. डांबराचा हिशेब दहा वर्षे तहकूब राहू शकतो, कदाचित कधी निघतही नाही. आणि जे देणे पुढल्या तारखेस ढकलता येते त्याची तरतूद आजच करून ठेवणे हे सरकारी खजिन्यासही फारसे जमलेले नाही, तिथे एकोणीस वर्षांच्या मुलीकडून त्याची अपेक्षा कोणी का करावी?

पुरुषवर्गाची तऱ्हा निराळी. डिसेंबरात पहाटे पाळीवर निघालेला मनुष्य शर्टाच्या आत छातीशी आदल्या दिवसाचे वर्तमानपत्र पसरून घेतो (वृत्तपत्राचा इतका जिव्हाळ्याचा उपयोग संपादकांनीही कल्पिला नसेल) आणि डोक्यावर माकडटोपी ओढतो. जुलैत अवचित सर आली की तो पुलाखाली थांबून प्लास्टिकची पिशवी डोक्याला बांधतो, आणि हा विधी चालू असता त्याचे हेल्मेट मागच्या कडीला लटकत भिजत असते. काही विचारी लोक मात्र पावसात ते घालतात. केस कोरडे राहतात, हा हेल्मेटचा गुण आमच्याकडे सर्वमान्य आहे.

स्वतःच्या कवटीविषयीची ही उदासीनता वाहनाच्या बाबतीत मुळीच आढळत नाही. नवी गाडी घरी येते ती दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर. चाकाखाली लिंबू चिरडले जाते, हँडलला झेंडूचा हार पडतो, पेढे वाटले जातात. सीटवरचे प्लास्टिक पुढे दोन पावसाळे निघत नाही, टाकीला रेक्झिनचे आवरण चढते, पुढे लोखंडी लेगगार्ड बसतो, आणि रात्री संपूर्ण वाहन अभ्र्यात गुरफटून झोपी जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १३८व्या नियमान्वये दुचाकीच्या खरेदीबरोबर हेल्मेट मिळाले पाहिजे. ते मिळते तेव्हा पिशवीसकट माळ्यावर जाते आणि तेथे कोणाच्या तरी लग्नात आलेल्या, न उघडलेल्या लेमनसेटशेजारी विसावते. कारण नव्या वस्तूला ओरखडा पडू नये, ही घरातल्या वडीलधाऱ्यांची शिकवण. त्याच नियमावलीचा १२३वा नियम मागे बसणाऱ्याची काळजी वाहतो: धरायला मूठ, पाय ठेवायला जागा, आणि वस्त्र अडकू नये म्हणून मागचे चाक निदान निम्मे झाकील असे आवरण, ज्याला सगळे साडीगार्ड म्हणतात. हे साडीगार्ड गाडीचे रूप बिघडवते, असे म्हणून ते पहिल्या आठवड्यात काढून टाकणारे तरुण मी पाहिले आहेत. पुढे लग्न झाल्यावर तेच तरुण ते पुन्हा बसवून घेण्यासाठी मेकॅनिककडे रांगेत उभे असतात.

पुण्यात अनोळखी माणसाशी कोणी आपण होऊन बोलत नाही, हा प्रवादही दुचाकीनेच खोटा पाडला आहे. “ओ ताई, ओढणी!” “काका, स्टँड!” या दोन आरोळ्या कोणत्याही रस्त्यावर, कोणत्याही जातिधर्माच्या मुखातून निघतात आणि त्यांमागे निखळ परोपकार असतो. तिसरी सूचना मूक आहे: समोरून येणारा हाताची पाच बोटे मिटून उघडतो, म्हणजे ‘तुमचा दिवा दिवसाढवळ्या चालू आहे’. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटलाच पाहिजे असा सरकारचा हुकूम झाला, समोरच्याला आपण लवकर दिसावे हा त्यामागचा हेतू; पण हुकूम निघाला तरी बोटांचा शिरस्ता पुढे बरीच वर्षे चालू राहिला, आणि ज्याला खूण केली तो सद्गृहस्थही आभारपूर्वक मान हलवून, गाडीत नसलेले बटण अंगठ्याने शोधीत पुढे जाई. इतकी परस्परांची चिंता वाहणाऱ्या या समाजात “काका, हेल्मेट!” अशी आरोळी मात्र मी आजवर ऐकलेली नाही. तो खाजगी मामल्यातील हस्तक्षेप ठरेल.

हेल्मेटचे खरे नाते डोक्याशी नसून पोलिसाशी आहे, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळ कोडी उलगडतात. ते डाव्या कोपरात का अडकवलेले असते? कारण उजवा हात गतीच्या मुठीवर गुंतलेला, आणि अलका चौकाचा सिग्नल दृष्टिपथात येताच कोपरापासून मस्तकापर्यंतचा प्रवास एका हाताने, गाडी न थांबवता, करता आला पाहिजे. मानवी देहात कोपर हा असा कोणता नाजूक अवयव आहे की ज्याचे इतके जतन व्हावे, याचा खुलासा वैद्यकशास्त्रात सापडत नाही. पण पुण्यातील डावी कोपरे हिंदुस्थानात सर्वांत सुरक्षित असावीत, असा माझा अदमास आहे. चौक ओलांडल्यावर शिरस्त्राण पूर्वस्थळी परत येते. चौकाचौकांत कॅमेरे बसल्यापासून या कलेस उतरती कळा लागली आहे, कारण कॅमेरा हवालदाराप्रमाणे चहाला जात नाही आणि त्याला कोणाचा मुलाहिजा नाही.

पदपथांवर हेल्मेटे मांडून बसणारे विक्रेते या मानसशास्त्रात कोणत्याही प्राध्यापकापेक्षा पारंगत असतात. सिंहगड रस्त्यावर अशा एका विक्रेत्यासमोर एक गृहस्थ गाडीवरून न उतरताच थांबले आणि “हेल्मेट दाखवा,” म्हणाले. विक्रेत्याने त्यांच्याकडे, मग गाडीकडे पाहिले आणि अत्यंत अदबीने प्रश्न केला, “साहेब, पोलिसांसाठी पाहिजे का डोक्यासाठी?” गृहस्थ क्षणभर विचारात पडले. “दोन्हीचा भाव सांगा.” पोलिसांसाठीचे दोनशे, डोक्यासाठीचे बाराशे. गृहस्थांनी पहिले हाती घेतले, बोटाच्या पेराने टिचकी मारली, जशी कलिंगडाला मारतात, आणि विचारले, “याला आयएसआय आहे का?” “मागे स्टिकर आहे ना साहेब!” या उत्तराने त्यांची पूर्ण खातरजमा झाली. स्टिकर खरोखरच मागे होते, किंचित तिरपे.

भारतीय मानक ब्यूरोचा आयएस ४१५१ हा दाखला नसलेले हेल्मेट विकण्यास १ जून २०२१पासून बंदी आहे, म्हणजे वस्तुतः तो पहिला भाव अस्तित्वातच असू नये. दोहोंतला भेद बाहेरून दिसत नाही. तो आत आहे. बाहेरचे कठीण कवच आघात एका बिंदूवर न राहता पसरावा आणि अणकुचीदार वस्तू आत शिरू नये एवढ्यापुरतेच असते. प्राण वाचवते ते त्याखालचे, बोटभर जाडीचे, पांढरे थर्माकोलसारखे अस्तर. डोके जमिनीला भिडते तेव्हा हे अस्तर स्वतः चेपते, आणि त्या चेपण्यात जे काही सहस्रांश सेकंद अधिक मिळतात तेवढ्या अवधीत मेंदू कवटीवर आदळण्याऐवजी थांबतो. दोनशे रुपयांच्या वस्तूत या अस्तराच्या जागी कापड लावलेला स्पंज असतो. तो डोक्याला मऊ लागतो, म्हणून गिऱ्हाइकास तोच अधिक पसंत पडतो. अडचण अशी, की एकदा चेपलेले अस्तर पुन्हा फुगत नाही, म्हणून ज्या हेल्मेटाने एक आघात सोसला ते, वरून धडधाकट दिसत असले तरी, टाकून द्यावे असे जाणकार सांगतात. जो मराठी मध्यमवर्ग टूथब्रश निवृत्त झाल्यावर त्याने कंगवा साफ करतो, आणि तेथून निवृत्त झाल्यावर शिलाई यंत्राला तेल देतो, त्याला बाराशे रुपयांची वस्तू एकदाच वापरून फेका असे सांगणे म्हणजे त्याच्या संस्कृतीवर घाव घालणे आहे. हनुवटीखालचा पट्टा हा तर या वस्तूचा सर्वांत उपेक्षित अवयव. तो लावला नाही तर हेल्मेट स्वाराच्या आधी जमिनीवर पोचते आणि तेथून आपल्या स्वतंत्र प्रवासास निघते.

हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्याने दिलेला लढा सर्वश्रुत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १२९व्या कलमाने हेल्मेट केव्हाच आवश्यक केले. पगडी परिधान करणाऱ्या शीख बांधवांना त्यातून मुभा आहे, ती पुणेरी पगडीस लागू पडत नाही, ही या शहराची जुनी सल. मधूनमधून एखादा नवा पोलीस आयुक्त कलमाची अंमलबजावणी करू पाहतो आणि गावात चैतन्य संचारते. २०१९च्या जानेवारीत अशीच सक्ती जारी झाली तेव्हा विरोधी कृती समिती उभी राहिली, मोर्चा निघाला, आणि एरवी कोणत्याही प्रश्नावर एकत्र न येणारे पक्ष या एका प्रश्नावर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. लढ्यातील कैफियत ऐकण्याजोगी असते. हेल्मेटने केस गळतात. ज्यांचे आधीच गळले आहेत त्यांनाही या मुद्द्याचे अगत्य असते. मागचा हॉर्न ऐकू येत नाही. हा युक्तिवाद ज्या शहरात हॉर्न कोणी ऐकूनही मनावर घेत नाही तेथे केला जातो. मान दुखते. आणि शेवटी सर्वांत भक्कम मुद्दा: “गावात वेगच कुठे मिळतो? वीसच्या वर काटा जात नाही.”

या अखेरच्या मुद्द्याचा निकाल शाळेतल्या भौतिकशास्त्राने परस्पर लावला आहे. दुचाकीवर बसलेल्या मनुष्याचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असते. तेवढ्या उंचीवरून ते नुसते खाली आले, गाडी सिग्नलला निश्चल उभी असली तरी, ते जमिनीस ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगाने भेटते. म्हणजे काटा शून्यावर असतानाही वीसचा वेग मिळतो, तोही पेट्रोल न जाळता. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार व त्यांच्या मागे बसलेले लोक मृत्यू पावले. हा आकडा हसण्यावारी नेण्याजोगा नाही, म्हणून एवढाच सांगून पुढे जातो.

या बाबतीत इंग्रजानेही फार घाई केली असे नाही. अरबस्तानात नाव कमावलेला कर्नल लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ सायकलवरच्या दोन मुलांना चुकवता चुकवता मोटारसायकलवरून फेकला गेला, आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. डोक्याच्या दुखापतीने उमदी माणसे अशी व्यर्थ जातात हे पाहून त्यांनी अभ्यास आरंभिला, १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट आवश्यक केले. सामान्य इंग्रज नागरिकाला ते आवश्यक व्हायला मात्र १९७३ साल उजाडले. मधल्या बत्तीस वर्षांत तिकडेही केस, मान आणि नागरी स्वातंत्र्य यांवर पुष्कळ ऊहापोह झाला असणार, असा माझा कयास आहे. तो ऐकण्यास केर्न्स हयात नव्हते. १९५२ सालीच ते निवर्तले.

परदेशी दाखला ज्यांना रुचत नाही त्यांच्यासाठी घरचाही आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी भेटीस जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली पोलादी टोप घातला होता, असे बखरकार सांगतात. भेट ठरलेली होती, बोलणी सलोख्याची होती, तरीही घातला होता. दर वर्षी शिवजयंतीस ध्वज फडकावीत, आरोळ्या देत, उघड्या मस्तकांनी दुचाक्यांची जी मिरवणूक निघते तिच्यात हा इतिहास कोणी तरी सांगावा, असे मला वाटते. मात्र तो मी सांगावा असे वाटत नाही.

उघड्या मस्तकांच्या या रीतीला अपवाद रविवारच्या वीरांचा. पहाटे पाचला चांदणी चौकात जमून ताम्हिणीकडे कूच करणाऱ्या या तरुणांच्या अंगी खांदे, कोपर आणि पाठ यांना कवचे शिवलेले जाकीट, गुडघ्यांवर ढोपरगार्ड, घोट्याच्या वर येणारे बूट आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट असते, आणि चहाच्या टपरीवर ते उतरले की टपरीवाल्याची मुले खेळ सोडून पाहत राहतात. हा सगळा सरंजाम योग्य आहे, उपयुक्त आहे, यात शंका नाही. सोमवारी सकाळी तोच वीर बनियनवर आणि स्लिपरवर, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला त्याच मोटारसायकलवरून निघतो. कारण विचारले तर म्हणतो, “इथल्या इथे तर जायचंय.” अपघातालाही जणू घाट चढून जावे लागते.

कुटुंब दुचाकीवर निघते तेव्हा संरक्षणाची वाटणी अधिकारक्रमाने होते. हेल्मेट कुटुंबप्रमुखाच्या डोक्यावर, कारण पावती त्याच्या नावे फाटते; मागे पत्नी, तिच्या मांडीवर धाकटे, आणि पुढे पायदानावर, हँडलला धरून, वारा पीत उभे असलेले थोरले, सर्वांत पुढे असल्यामुळे जे काही व्हायचे ते सर्वांत आधी ज्याला व्हायचे तेच बोडके. २०२२च्या अधिसूचनेने नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट आणि स्वाराशी बांधून घेणारा पट्टा आवश्यक केला, वेगास ताशी चाळीसची मर्यादा घातली. २०२४च्या नोव्हेंबरात राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांच्या हेल्मेटचीही तपासणी करण्याचे फर्मान काढले. त्यावर “आता बायकोचं हेल्मेट कुठे ठेवायचं?” असा प्रश्न एका सद्गृहस्थांनी मला गंभीरपणे केला. डिकीत एकच मावते, आणि त्या जागी सध्या त्यांचे स्वतःचे आहे.

रस्त्यावर साचलेले तेल पहिल्या पावसात वर येते, आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर दर तासाला एक तरी माणूस आडवा होतो. यंदा माझ्यासमोर झाले ते पन्नाशीतले गृहस्थ होते. गाडी सावकाश घसरली, ते तिच्याबरोबर सावकाश बसले, आणि सुदैवाने गुडघ्याच्या सालटापलीकडे काही गेले नाही. क्षणार्धात पंच जमले. रिक्षावाल्याने गाडी उचलून किल्ली बंद केली, पानवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली, एकाने “काका, लागलं का?” विचारले, दुसऱ्याने “पुढचा ब्रेक दाबलात ना? तो दाबायचाच नसतो,” असा निर्णय दिला. (थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, पण पंचांपुढे हे कोण बोलणार?) काका उठले, लंगडत गाडीपाशी गेले, आरशाला अडकवलेले हेल्मेट काढून त्यांनी ते रुमालाने पुसले आणि उजेडाकडे धरून चारी बाजूंनी फिरवून पाहिले. डाव्या अंगाला लांबलचक ओरखडा होता.

“परवाच घेतलंय हो,” ते कळवळून म्हणाले.

“म्हणून मी आणतच नाही,” पानवाला म्हणाला. “पडलं की खराब होतं.”